अठराशे पन्नास रुपयांची काच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात 'माझा एक उद्योग' या सदरात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द मात्र तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलंय, "काका, दूध आटेपर्यंत बोला." दूध किती वेळात आटतं हे आचाऱ्यालाच माहीत. त्यामुळे मी मुद्द्यावरच येतो.

सदराचं नाव 'माझा एक उद्योग' असं आहे. ए विंगच्या वहिनींनी गच्चीवरच्या भाजीबद्दल सांगितलं, सी विंगच्या डॉक्टरांनी बासरीबद्दल. माझा उद्योग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे, कारण तो खाली पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर झाला. मोटरसायकलला पुढे काच बसवणे. इंग्रजीत तिला फेअरिंग म्हणतात. नाना पेठेत जाऊन 'फेअरिंग द्या' म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे बघत राहतो, 'व्हायझर' म्हटलं की लगेच विचारतो, "कुठली गाडी?"

माझी गाडी म्हणजे थंडरबर्ड 350. मी 2011 साली बँकेतून निवृत्त झालो आणि त्यानंतर दोन वर्षांनी ती घेतली. त्या आधी नोकरीत असताना ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर म्हणून राजदूतवरून विहिरी, गोठे आणि इंजिनं तपासत हिंडलो. तेव्हा वाऱ्याचा त्रास होतो हे कधी जाणवलंच नाही. एक तर वय तिशीचं, आणि दुसरं म्हणजे त्या रस्त्यांवर चाळीसच्या वर गाडी जातच नव्हती.

आता हा चाळीसचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सगळं गणित तिथेच आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताठ बसलेल्या माणसाच्या छातीवर आणि खांद्यांवर चाळीसच्या वेगाला साधारण तीन किलोचा जोर येतो असं धरा. ऐंशीला तो सहा होत नाही, बारा होतो. म्हणजे दहा किलोच्या तांदळाच्या पिशवीहून जास्त वजन छातीवर रेटत दोन तास बसायचं, आणि ते रेटताना दोन्ही हातांनी हँडल धरून स्वतःला मागे जाऊ द्यायचं नाही. चक्रवाढ व्याज आयुष्यभर लोकांना समजावून सांगितलं, पण हे व्याज माझ्या मानेत जमा होतंय हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

मान धरली, उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, मणक्यांची झीज आहे, वयोमानाने होते. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "गाडी अजून चालवता का?" मी हो म्हणालो. मुलगा शेजारी बसला होता. घरी येईपर्यंत त्याने गाडी मनातल्या मनात विकूनसुद्धा टाकली होती.

मुलाचं चूक नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, घरात कार आहे, मी आहे, ड्रायव्हर मिळतो. हा हट्ट कशासाठी?" मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौ. म्हणाल्या, "मग मी आईकडे कशी जाऊ?"

हे थोडं सांगायला हवं. सौ.चं माहेर चिपळूणच्या पुढे, गुहागरच्या रस्त्याला. माझ्या सासूबाई तिथे असतात, वय नव्वदीच्या पुढे. आणि आमच्या सौ.ना गाडी लागते. कार असो, एसटी असो, कुंभार्ली घाट सुरू झाला की लिंबू, आलं, गोळ्या, काही म्हणजे काही चालत नाही. माहेरी पोचल्यावर पहिला अख्खा दिवस आडवं पडून जातो. मोटरसायकलवर मात्र त्यांना काही होत नाही. मोकळी हवा लागते, रस्ता समोर दिसतो. गेली कित्येक वर्षं आम्ही असेच जातो: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, आणि मग घाट उतरून चिपळूण. जवळजवळ अडीचशे किलोमीटर. म्हणजे लोकांना जो म्हाताऱ्याचा हट्ट वाटत होता, तो निम्मा तरी म्हातारीचा होता. (हे वाक्य घरी आधी दाखवून परवानगी घेतली आहे.)

तेव्हा मी तोडगा काढला. मान वाऱ्यामुळे दुखते, तर वारा अडवायचा.

मोठ्या प्रवासाच्या मोटरसायकलींना हे फार आधीपासून असतं. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने 1976 साली आर 100 आरएस ही गाडी काढली. तिचं फेअरिंग इटलीतल्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बनवलं होतं. अमेरिकेत त्याच दशकात क्रेग व्हेटर या गृहस्थाचं विंडजॅमर नावाचं फेअरिंग निघालं. ते लोक बाजारातून आणून आपापल्या गाडीला लावायचे. पण त्या दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. ती गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे फ्रेमला, घट्ट बसवलेली असायची. हँडल वळलं तरी फेअरिंग जागेवरच. वाऱ्याचा धक्का बसला तर तो अख्ख्या गाडीला बसतो, हँडलला नाही.

आपल्याकडे ऑनलाइन जे स्वस्तातलं मिळतं, ते हँडलला बसतं. मी मागवलं ते अठराशे पन्नास रुपयांचं. काळ्या प्लास्टिकचा खालचा भाग, वर पारदर्शक काच, चार क्लॅम्प, चार रबरी बुश, नटबोल्टची पिशवी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं: सर्व गाड्यांना बसते. बँकेत असताना माझ्यासमोर कुणी 'सर्व अटी मान्य' म्हणून सही केली की मी विचारायचो, वाचल्यात का? इथे मी स्वतःच सही केली.

खोकं उघडलं तर चारऐवजी दोनच बुश. आता या बुशचं काम काय, ते सांगतो. त्या क्लॅम्पचं भोक 25 मिलिमीटरच्या हँडलच्या मापाचं होतं. माझ्या गाडीच्या हँडलची नळी 22 ची. मधली तीन मिलिमीटरची पोकळी तो रबरी बुश भरून काढतो. दोन बुश नाहीत, तर खोकं परत पाठवायला हवं होतं. पण आम्हाला पुढच्या आठवड्यात सासूबाईंकडे जायचं होतं. मी नातवाच्या सायकलची जुनी ट्यूब कापली आणि गुंडाळली. खालचे दोन क्लॅम्प फोर्कच्या नळ्यांना बसायचे होते, त्यांची पट्टी जुळेना. म्हटलं, वरचे दोन घट्ट आहेत ना, झालं तर मग. आणि काच? काच जितकी उंच आणि उभी, तितका वारा कमी, अशी माझी समजूत. म्हणून ती पूर्ण वर ओढून सरळ उभी केली. एका दुपारी तासाभरात काम संपवलं आणि गेटवर वॉचमनला दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, पोलिसाची गाडी दिसते." मला फार बरं वाटलं.

फेब्रुवारीतला रविवार. आधी साताऱ्यापर्यंत जाऊन येऊ, मग लांबचं बघू, असं ठरवून दोघं निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि मला हँडलमध्ये एक बारीक थरथर जाणवली. साठच्या वर गेलं की यायची, कमी केलं की थांबायची. मी मनात म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. मागे काही बोललो नाही.

शिरवळच्या आधी नीरेचा पूल लागतो. पुलावर वारा मोकळा. शेजारून एक ट्रक वेगात पुढे गेला. ट्रक शेजारी असताना वारा अडतो आणि तो पुढे निघून गेला की एकदम आडवा झोत बसतो. तो झोत त्या उभ्या काचेवर बसला. क्लॅम्प नळीवर फिरला, काच माझ्या अंगावर कलली, आणि हँडल डावीकडे-उजवीकडे डुलायला लागलं. मी जे करायला नको तेच केलं. हँडल सगळ्या जोराने आवळून धरलं. त्याने डुलणं वाढतं, कारण आपल्याच हाताचे हिसके त्यात मिसळतात. अशा वेळी हात सैल सोडायचे, अंग थोडं पुढे घ्यायचं, ब्रेक एकदम दाबायचा नाही, आणि फक्त अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करत वेग उतरू द्यायचा. मला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या दोन-तीन सेकंदांत आठवणं वेगळं. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर सुटला तो शहाणपणाने नाही, हात घामाने निसटला म्हणून. गाडी सावरली. कडेला घेतली.

शिरवळला चहाच्या टपरीवर बसलो. सौ.नी अर्धा कप चहा होईपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, "हलतंय हे तुम्हाला कधीपासून कळलं होतं?"

मी म्हणालो, "कात्रजच्या बोगद्यापासून."

"आणि मी मागे बसले होते."

मी गप्प. त्या म्हणाल्या, "तुमच्या बँकेत एखाद्या कॅशियरला फरक दिसत असताना त्याने 'कॅश जुळली' म्हणून लिहिलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

मंडळी, छत्तीस-सदतीस वर्षांच्या नोकरीत माझी इतकी मोठी तपासणी कुणी केली नव्हती. फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, तो लपवला की तो फरक राहत नाही, अपहार होतो, हे मीच लोकांना शिकवत आलो. त्या दिवशी मी दुसऱ्याच्या जिवावर फरक लपवला होता. काच वाईट होती असं मी आजही म्हणत नाही. ती बसवणारा घाईत होता आणि चूक दिसल्यावर बोलला नाही.

टूलकिटमधल्या पान्याने ती काच तिथेच काढली. गाडीला बांधायला दोरी नव्हती. मग सौ.नी ती मांडीवर आडवी धरली आणि आम्ही पन्नासच्या आत वेग ठेवून परत आलो. गेटमध्ये शिरलो तेव्हा खाली क्रिकेट चाललं होतं. अख्ख्या सोसायटीने ती वरात पाहिली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी तरी मला विचारलं होतं, "काय काका, काच पडली का?" आणि मी "नाही, नाही, काढली" असं अर्धसत्य सांगितलं होतं. आज पूर्ण सत्य सांगून टाकलं.

मुलाला आम्ही दोघांनी समोर बसवून सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. बराच वेळ गप्प बसला. ते जास्त जड गेलं. मग म्हणाला, "बाबा, आता बसवायची असेल तर एकट्याने बसवायची नाही."

इथून आपल्या सोसायटीची कथा सुरू होते.

सी विंगचे एक काका पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. डी विंगचा एक मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. या दोघांना मी काच दाखवली. काकांनी क्लॅम्प हातात घेतला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा बाहेर काढला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलगा म्हणाला, "आजोबा, काच चांगली आहे. क्लॅम्प बदलू."

मार्च महिना होता, पण आता मला मार्च एंडिंग नव्हतं. दोन रविवार आम्ही पार्किंगमध्ये काम केलं. दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायचं नाही ही सोसायटीची अट पाळली, सेक्रेटरीसाहेबांनी स्वतः येऊन घड्याळ दाखवल्यामुळे. जे शिकलो ते सांगतो. कुणाच्या घरी मुलानातवाने अशी काच मागवली असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, माप. नळीचं माप कॅलिपरने घ्यायचं, डोळ्याने नाही. क्लॅम्प त्याच मापाचा हवा. आम्ही नाना पेठेतून 22 मिलिमीटरचे लोखंडी क्लॅम्प आणले, आत पातळ रबर असलेले. रबर पकड धरण्यासाठी असतं, पोकळी भरण्यासाठी नाही, हे काकांचं वाक्य.

दुसरं, आधार चार ठिकाणी हवा. दोन हँडलवर, दोन खाली फोर्कच्या नळ्यांवर. नुसत्या दोन क्लॅम्पवर काच बिजागरीसारखी फिरते. माझी तशीच फिरली होती. खालची पट्टी जुळत नव्हती, ती मुलाने वाकवून नवीन भोक पाडून जुळवली.

तिसरं, प्लास्टिकला भोक पाडताना जागेवर चिकटपट्टी लावायची, मागे लाकडाचा ठोकळा धरायचा, ड्रिल हळू फिरवायचं. भोक बोल्टच्या नेमक्या मापाचं न ठेवता किंचित मोठं ठेवायचं आणि त्यात रबरी वॉशर बसवायचं. उन्हात प्लास्टिक फुगतं, गाडी थरथरते. भोक अगदी चपखल असेल तर कडेपासून तडा जातो.

चौथी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. नट सैल होऊ नये म्हणून बोल्टला निळं औषध लावतात, मी तेच लावायला निघालो होतो. मुलाने हात धरला. ते औषध धातूला धातू धरण्यासाठी आहे. पॉलिकार्बोनेटच्या काचेला लागलं तर काच आतून तडकते. त्याऐवजी आत नायलॉनची कडी असलेले नट वापरायचे, त्यांना नायलॉक म्हणतात. ते आपोआप सैल होत नाहीत. आणि प्लास्टिकवर पाना दाबून आवळायचा नाही. चारही बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीने. पेट्रोल, थिनर किंवा घरातल्या काचा पुसायचं औषध तिला लावायचं नाही. साबणाचं पाणी आणि ओलं मऊ फडकं, बस्स. कोरडी धूळ पुसली की ओरखडे आलेच.

पाचवं, काचेची उंची. इथे माझी समजूत उलटी होती. काचेतून बघायचं नसतं, काचेवरून बघायचं असतं. गाडीवर नेहमीसारखं बसल्यावर काचेची वरची कड नाकाच्या-हनुवटीच्या पातळीला आली पाहिजे. पाऊस पडला, रात्री समोरून दिवे आले, किडे चिकटले तरी रस्ता दिसला पाहिजे. आणि काच उभी नको, मागे कललेली हवी. उभी काच वाऱ्याला अडवते. कललेली काच वाऱ्याला वर वळवते. आम्ही ती दोन इंच खाली घेतली आणि कलती केली.

सहावं, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघायचं. काच टाकीला लागते का, क्लचची केबल ओढली जाते का, ब्रेकची नळी चिमटते का. अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडला की दोन्ही टोकांना स्वतःहून परत येतो का. हेडलाइटचा झोत कुठे अडत नाही ना, हे रात्री कंपाउंडच्या भिंतीवर पाहिलं. त्या रात्री भिंतीवर काय चाललंय म्हणून वरून तीन खिडक्या उघडल्या होत्या.

सातवं माझ्या खात्यातलं. प्रत्येक नट घट्ट केला की नट आणि बोल्ट या दोन्हींवरून पांढऱ्या मार्करची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ऑडिटमध्ये आम्ही टिक मारायचो, तसंच. निघण्यापूर्वी आठ रेघा बघायच्या, अर्धा मिनिट लागतो.

चाचणी मी एकट्याने घेतली, पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. आधी चाळीस, मग साठ, मग सत्तर. प्रत्येक वेळी थांबून रेघा पाहिल्या. सत्तरला हँडल स्थिर होतं. छातीवरचा वारा जवळजवळ गेला, खांद्यांवर थोडा लागत होता, हेल्मेटवर हलकासा. काचेवरून येणारा वारा कपाळाशी घुमतो, त्याचा आवाज होतो, तो राहिलाच. पण मान मोकळी होती. आणि हेही सांगतो, हँडलवरची काच ती हँडलवरचीच. पुलावर, मोकळ्या माळावर, ट्रकच्या शेजारी ती आडवा वारा धरते. तिथे वेग कमी करायचा, याला दुसरा उपाय नाही. उन्हाळ्यात सिग्नलला थांबलं की समोरून हवा येत नाही, हेही त्यात आलं. इन्शुरन्सचं नूतनीकरण करताना ही जादा वस्तू बसवली आहे म्हणून कंपनीला कळवलं. जुनी सवय.

हिशोब सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. काच 1,850. क्लॅम्प 640. नट, वॉशर, रबर 120. दोन रविवारचा चहा आणि वडापाव 260. एकूण 2,870 रुपये. काकांनी आणि मुलाने मजुरी घेतली नाही. काका म्हणाले, निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी पाना हातात दिला.

मग मुलाने एक कागद पुढे केला. अटी. एक, सत्तरच्या वर जायचं नाही. दोन, अंधारात चालवायची नाही. तीन, दर वर्षी डोळे आणि कान तपासायचे, रिपोर्ट घरात सगळ्यांसमोर वाचायचा. चार, मागे बसणाऱ्या व्यक्तीने 'थांबा' म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. आणि पाच, ही सौ.नी स्वतःच्या अक्षरात घातली: गाडीत काही वेगळं जाणवलं तर लगेच सांगायचं. तिघांच्या सह्या झाल्या. मी इतक्या कर्जांच्या कागदांवर सह्या केल्या, पण ऋणको म्हणून सही करताना हात थोडा जड होतो हे तेव्हा कळलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला निघालो. नीरेचा पूल आला. मी वेग पंचेचाळीसवर आणला आणि मोठ्याने सांगितलं, "पूल आहे, वारा लागतोय, हँडल ठीक आहे." मागून उत्तर आलं, "बरं." शिरवळ, सातारा, उंब्रज, पाटण, प्रत्येक ठिकाणी थांबलो, रेघा पाहिल्या. पाटणच्या पुढे तर सौ.च रेघा बघायला लागल्या. कुंभार्ली घाट उतरलो तेव्हा खालून कोकणातली गरम दमट हवा आली आणि मागे बसलेल्या सौ.नी खांद्यावर हात ठेवून नुसतं थोपटलं. त्यांना काही त्रास झाला नव्हता. माझी मान ठीक होती.

सासूबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. आता दिसतं कमी. गाडीपाशी आल्या, हाताने काच चाचपली आणि म्हणाल्या, "हे काय, जावईबापू, गाडीला खिडकी लावलीत?" मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आता वाऱ्याचं कारण नाही हो सांगायचं. लवकर लवकर यायचं." तेव्हापासून आम्ही पाच वेळा जाऊन आलो.

आता शेवटचं सांगतो. यंदा ऑगस्टमध्ये डोळ्यांची तपासणी झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. रिपोर्ट घरी सगळ्यांसमोर वाचला, अट क्रमांक तीन. मी गाडीची चावी सौ.कडे दिली. कुणी मागितली नव्हती. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. त्यानंतर डॉक्टर काय म्हणतात आणि घरचे काय म्हणतात त्यावर पुढचं. कदाचित चावी परत मिळेल, कदाचित मिळणार नाही. पंच्याहत्तरीकडे आलेल्या माणसाने दोन्हींची तयारी ठेवावी. खाली कव्हर घातलेली गाडी दिसते ती त्यासाठी उभी आहे; विकायची आहे का म्हणून तिघांनी विचारलं, त्यांना उत्तर मिळालं असेल. आणि सासूबाईंकडे या वेळी मुलगा सौ.ना कारने घेऊन गेला. घाटात तीन वेळा थांबला. एक दिवस आडवं पडणं झालंच, पण भेट झाली.

आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असा उपविधींमध्ये नियम आहे, आणि पुढच्या सभेत तो विषय आहे. खर्चावरून आवाज चढतील, मला माहीत आहे. मीही पूर्वी चढवलाय. पण कुणाच्या छताला ओल आली असेल, कुणाच्या बाल्कनीत तडा दिसत असेल, लिफ्टमध्ये वेगळा आवाज येत असेल, तर 'बसेल हळूहळू' म्हणून गप्प राहू नका. आपण एकटेच गाडीवर नसतो. मागे कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्यांनी आपल्यावर विश्वास टाकलेला असतो.

तिकडून आचाऱ्याने पळी हलवून खूण केली आहे. दूध आटलं. सी विंगचे काका आणि डी विंगचा आमचा इंजिनिअर या दोघांना पहिला पेला द्यावा अशी विनंती करतो आणि थांबतो.